कापाब्लांका हरला, त्या हिवाळ्यात

१९३० सालचा डिसेंबर. हिंदुस्थानात मिठाच्या सत्याग्रहाची धग निवलेली नव्हती आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली होती आणि तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांची बाजू मांडत होते. त्याच दिवसांत, लंडनहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी, पंजाबातला तिशीच्या आतला एक तरुण होझे राउल कापाब्लांकासमोर पांढरे मोहरे घेऊन बसला. तरुणाचं नाव मीर सुलतान खान. युरोपीय नियमांचं बुद्धिबळ गंभीरपणे खेळायला लागून त्याला जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती. समोरच्या माणसाचं तर अर्धं आयुष्य जगज्जेतेपद मिळवण्यात, टिकवण्यात आणि गमावल्यावर ते परत मागण्यात गेलं होतं.

हेस्टिंग्जला १८९५ साली त्या काळातली सर्वांत मोठी स्पर्धा झाली होती. १९२० नंतर तिथे दरवर्षी नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास स्पर्धा भरू लागली. वरच्या गटात दहा खेळाडू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव. दोन-चार परदेशी पाहुणे आणि बाकीचे इंग्लंडमधले, असा सहसा बेत असे. १९३०-३१ च्या गटात हॉलंडचा माक्स युवे होता, महिला जगज्जेती व्हेरा मेन्चिक होती, फ्रेड येट्स आणि विल्यम विंटर हे इंग्लंडचे मुरलेले खेळाडू होते. आणि अर्थात कापाब्लांका. आदल्या वर्षी इथे तोच पहिला आला होता.

कापाब्लांकाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढच्या गोष्टीचं वजन कळणार नाही. जन्म हवानाचा, १८८८ चा. चौथ्या वर्षी वडिलांना खेळताना नुसतं पाहून तो बुद्धिबळ शिकला. १९२१ मध्ये त्याने इमान्युएल लास्करला हरवून जगज्जेतेपद घेतलं. त्याआधीपासून, १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं, त्याने स्पर्धेतला एकही डाव गमावला नव्हता. १९२७ मध्ये ब्युनॉस आयर्सला अलेखिनने त्याचं पद हिसकावून घेतलं आणि परतीची लढत द्यायचं टाळत राहिला. १९३० मध्ये कापाब्लांका बेचाळीस वर्षांचा होता. मुकुट गेला होता, पण धाक गेला नव्हता. साधी दिसणारी स्थिती, थोडे मोहरे, छोटासा फायदा आणि तो न सांडता शेवटपर्यंत नेणं, ही त्याची खासियत. डावाच्या उत्तरार्धात त्याच्याशी झुंजण्यापेक्षा आधीच काहीतरी गोंधळ माजवावा, असं बऱ्याच खेळाडूंना वाटे.

सुलतान खान सध्याच्या पाकिस्तानातल्या खुशाबजवळच्या मीठा तिवाणा गावचा. वडिलांनी त्याला नवव्या वर्षी देशी बुद्धिबळ शिकवलं. विशीत आल्यावर पंजाबात त्याला तोड नव्हती. तेव्हा त्याच्यावर सर उमर हयात खान तिवाणाची नजर पडली. हा बडा जमीनदार, फौजेतला मानाचा अधिकारी, इंग्रज सरकारचा खंदा समर्थक आणि बुद्धिबळाचा शौकीन. त्याने सुलतान खानला आश्रयाला घेतलं आणि युरोपीय नियम शिकवायची व्यवस्था केली.

ही शिकवणी वाटते तितकी किरकोळ नव्हती. आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या पिढीने जे बुद्धिबळ खेळलं, त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला शह लागलेला नसेल, तर एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. शेवटच्या रांगेत पोहोचलेल्या प्याद्याचा हमखास वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोहोचे, तो मोहरा मिळे. खेळ संथ चाले. दोन्ही बाजू आपापल्या मुलुखात तटबंदी उभारत आणि मग हळूच एकमेकांच्या अंगावर येत. पहिल्या दहा-बारा चालींची पाठांतरं, त्यावरचे ग्रंथ, नव्या चालींची मासिकांतली चर्चा हा सगळा युरोपचा संसार होता. तिथे शंभर वर्षांची पुंजी साठली होती. सुलतान खानला इंग्रजी पुस्तकं वाचता येत नसत, असं समकालीनांनी लिहून ठेवलं आहे. तो निरक्षर होता असंही पुष्कळांनी लिहिलं, पण ते त्याच्या घरच्यांना मान्य नाही आणि मलाही ते संशयास्पद वाटतं. इंग्रजी न येणं आणि अक्षरओळख नसणं यात फरक आहे. साहेबाच्या लेखणीला तो नेहमी दिसत नसे.

१९२८ मध्ये अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याने आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि हरला एकही नाही. पुढच्या वर्षी सर उमर त्याला घेऊन लंडनला गेला. तिथे सरावासाठी भरवलेल्या एका छोट्या स्पर्धेत सुलतान खान थेट तळाला गेला. डावाच्या सुरुवातीलाच तो इतका मागे पडे की पुढची सगळी शक्ती सावरण्यात जाई. मग येट्स आणि विंटर यांनी त्याच्याबरोबर बसून थोडीफार तयारी करून घेतली. १९२९ च्या उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सुलतान खान ती जिंकला. तळाच्या स्पर्धेपासून ब्रिटनच्या अजिंक्यपदापर्यंत मध्ये काही महिनेच गेले होते.

१९३० मध्ये हँबुर्गच्या ऑलिंपियाडमध्ये तो इंग्लंडच्या संघाकडून पहिल्या पटावर खेळला. म्हणजे तिकडे हिंदुस्थान मीठ उचलून साम्राज्याला आव्हान देत होता आणि इकडे त्या साम्राज्याच्या मायभूमीचा सर्वांत बळकट बुद्धिबळपटू हिंदुस्थानातून आलेला होता. तेव्हाच्या इंग्रजांना यात काही खटकल्याचं दिसत नाही. चांगला खेळतो, तर पहिल्या पटावर बसवा, इतका सरळ व्यवहार. त्याच वर्षी बेल्जियममधल्या लीएजच्या स्पर्धेत तार्ताकोवरच्या पाठोपाठ तो दुसरा आला. तेव्हा हेस्टिंग्जला पोहोचला तो काही अगदीच अनोळखी पोरगा नव्हता. पण आजच्यासारखी गुणांकनाची पद्धत तेव्हा नव्हती. कोण कोणापेक्षा किती वरचढ हे नावावरून ठरे, आणि त्या तराजूत कापाब्लांकाच्या पारड्यासमोर ठेवायला जगात दुसरं नाव होतं ते फक्त अलेखिनचं.

डाव सुरू झाला तो अगदी शिष्टसंमत मार्गाने. आज ज्याला क्वीन्स इंडियन डिफेन्स म्हणतात ती मांडणी झाली. पाचव्या चालीला सुलतान खानने वजिराच्या बाजूचं टोकाचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं. तेव्हाच्या जाणकारांना ही चाल मिळमिळीत वाटली असती, तर नवल नव्हतं. मोहरे बाहेर काढायचे सोडून कोपऱ्यातलं प्यादं कशाला हलवायचं? पण तिचा हेतू साधा होता: समोरच्या उंटाला त्या घरावर येऊन घोडा जखडू द्यायचा नाही. पुढे तिग्रान पेट्रोस्यान हा जगज्जेता हीच पद्धत आवडीने खेळू लागला आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नंतर तरुण कास्पारोव्हनेही ती शस्त्रासारखी वापरली. प्यादं एकेक घर सरकवण्याच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला अशी चाल सहज सुचली असेल, असं आपलं मला वाटतं. पुरावा अर्थातच काही नाही.

कापाब्लांकाने आठव्या चालीला रीतसर किल्लेकोट केला. सुलतान खानने मात्र सबंध डावात किल्लेकोट केलाच नाही. त्याचा राजा पटाच्या मधोमध उभा राहिला. बाराव्या चालीला त्याने एक घोडा उडवला आणि पुढच्याच चालीला त्याच्या मोबदल्यात कापाब्लांकाचा एक उंट घेतला. या देवघेवीत काळ्याची दोन प्यादी एकाच उभ्या रांगेत एकामागे एक अडकली. आणखी चार चालींनी घोड्यांची अदलाबदल झाली आणि काळ्याच्या उरलेल्या उंटाची वाट त्याच्याच प्याद्यांनी बुजली. बाहेरून बघणाऱ्याला अजून सगळं ठाकठीक दिसत होतं. खुल्या रांगेवर कापाब्लांकाचे दोन्ही हत्ती येऊन उभे राहत होते. पांढऱ्याचा राजा उघड्यावर होता. आणि हा गृहस्थ तिकडे राजाच्या बाजूची प्यादी पुढे रेटत होता!

एकविसाव्या चालीला डावाने वळण घेतलं. सुलतान खानने उंट बाजूला आणून मागच्या हत्तीवर रोखला. कापाब्लांकाने उत्तरादाखल पुढचा हत्ती थेट पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत घुसवून शह दिला. राजा एक घर वर सरकला. लगेच दुसऱ्या हत्तीचा शह. इथे सुलतान खानने आपला वजीर दिला आणि बदल्यात दोन्ही हत्ती घेतले. दुसरा हत्ती तर राजाने स्वतःच मारला. चोविसाव्या चालीनंतरचा हिशेब असा होता: कापाब्लांकाकडे वजीर, एक उंट आणि एक घोडा, सुलतान खानकडे दोन हत्ती आणि दोन उंट, प्यादी दोघांची सात-सात.

हा सौदा कागदावर समसमान आहे. वजिराच्या बदल्यात दोन हत्ती हा व्यवहार पुस्तकांत साधारण बरोबरीचा किंवा किंचित फायद्याचा धरतात. पण वजिराला मोकळं रान लागतं, इकडून शह तिकडून शह देत फिरायला जागा लागते. या पटावर प्याद्यांनी मधला भाग घट्ट गोठलेला होता. काळ्या वजिराने शह देत पांढऱ्याच्या मुलुखात शिरकाव केला, इकडे तिकडे डोकावलं, आणि त्याला जाणवलं असेल की मारण्याजोगं काही नाहीच. सुलतान खानने प्रत्येक कच्चं प्यादं आधीच झाकलं होतं. राजा आपल्या मोहऱ्यांच्या आडोशाला निवांत होता. एक हत्ती आला, दुसरा आला, वजिराला तिथून हुसकावलं, प्यादं पुढे करून त्याची परतीची जागाही आवळली. वजीर मागे फिरला. ज्या उंटाने मदतीला यायचं, तो स्वतःच्याच प्याद्यांमागे डांबलेला होता.

पुढच्या चाळीसेक चाली मला या डावातल्या सर्वांत मोलाच्या वाटतात, आणि नेमक्या त्याच सांगायला अवघड आहेत, कारण त्यांत नाट्य नाही. सुलतान खान हत्ती या रांगेवरून त्या रांगेवर नेतो, परत आणतो, राजा एखादं घर सरकवतो, थांबतो. काळ्याला करण्यासारखं फारसं काही नसतं, पण प्रत्येक वेळी खेळायला तर लागतंच. मुरत घातलेल्या लोणच्याची बरणी रोज उघडून बघू नये, हे त्याला उपजत माहीत असावं. शेवटी पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला.

कमी नावाजलेला खेळाडू मोठ्या खेळाडूला हरवतो, तेव्हा बहुधा दोन गोष्टी घडलेल्या असतात. एक तर मोठ्याने ढोबळ चूक केलेली असते. किंवा लहानाने पटावर असं वादळ उठवलेलं असतं की दोघांनाही काही दिसेनासं होतं आणि त्या अंधारात नशीब कुणालाही साथ देतं. हेस्टिंग्जच्या डावात यातलं काहीच नाही. धाडसी बलिदान नाही, चकवा नाही, राजाची शिकार नाही. मोहरे कमी होत गेले, पट साधा होत गेला आणि डाव उत्तरार्धाकडे सरकला, म्हणजे कापाब्लांकाच्या घरात शिरला. आणि तिथे कापाब्लांका हरला. म्हणून या डावाची गणना चमत्कारांत करायला माझी तयारी नाही. ‘चाकराने सम्राटाला हरवलं’ या थाटात ही गोष्ट सांगणारे लोक सुलतान खानचा गौरव करतात असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते त्याचं कसब दैवाच्या खात्यात जमा करतात.

स्वतः कापाब्लांकाने मात्र ही गफलत केली नाही. आधी एका नियमांचं बुद्धिबळ पक्कं मुरलेलं असताना दुसऱ्या नियमांवर स्वार होऊन अजिंक्यपद मिळवणं ही असामान्य प्रतिभेची खूण आहे, अशा आशयाचं त्याने नंतर लिहिलं. हरलेल्या माणसाने दिलेली ही दाद आहे, हे लक्षात घ्यावं. त्या पराभवाची किंमतही त्याला मोजावी लागली. स्पर्धेत युवेला सात गुण मिळाले, कापाब्लांकाला साडेसहा, सुलतान खानला सहा. हा एक डाव बरोबरीत सुटला असता तरी कापाब्लांका युवेच्या बरोबरीने पहिला असता.

लगेचच सुलतान खानने तार्ताकोवरबरोबरची बारा डावांची लढत एका गुणाने जिंकली. १९३१ च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये पहिल्या पटावर सतरा डावांत आठ विजय, सात बरोबऱ्या आणि दोनच पराभव. हरलेल्यांत फ्लोर होता आणि रुबिन्स्टाइन होता, बरोबरी केलेल्यांत खुद्द अलेखिन. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश अजिंक्यपद. गमतीचा भाग असा की याच सुमारास तो व्हेरा मेन्चिककडून हरला आणि ‘मेन्चिक क्लब’चा सभासद झाला. कार्ल्सबादच्या स्पर्धेत एका खेळाडूने थट्टेने काढलेला हा क्लब: जो पुरुष त्या बाईंकडून हरेल तो सभासद. काढणाऱ्यालाच पहिलं सभासदत्व मिळालं होतं. युवेही त्यात होता. ताकदीतला फरक हा प्रकार किती सापेक्ष असतो, ते या सभासदांनी आपापल्या पटावर अनुभवलं.

इंग्लंडची हवा सुलतान खानला कधीच मानवली नाही. हिवताप, सर्दी-पडसं, घशाचं दुखणं यांनी तो बेजार असे आणि गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून खेळायला बसे. आणि पटाबाहेरचं त्याचं स्थान? अमेरिकेचा रूबेन फाइन याने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. १९३३ मध्ये फोकस्टोनच्या ऑलिंपियाडनंतर अमेरिकी संघाला सर उमरच्या लंडनमधल्या घरी जेवणाचं आमंत्रण होतं. पाहुणे जाऊन बसले, तर वाढायला सुलतान खान! जगातल्या पहिल्या दहांत शोभणारा खेळाडू आपल्यासमोर ताटं ठेवतो आहे, हे पाहून पाहुण्यांना कुठे बघावं कळेना. सुलतान खानच्या नातीने अलीकडे या सगळ्या ‘नोकर’ कथेवर कडक आक्षेप घेतला आहे. तिचं म्हणणं, आजोबा जमीन असलेल्या घरातले होते, कुणाचे घरगडी नव्हते. दोन्ही बाजू ऐकाव्यात. मला एवढं दिसतं की इंग्लंडला जायचं कधी आणि परतायचं कधी, हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. सर उमरच्याच घरातली फातिमा नावाची तरुणी १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकली, आणि तीही त्याच्याइतक्याच झटकन त्या जगातून नाहीशी झाली. त्या वर्षाअखेरीस सर उमर हिंदुस्थानात परतला आणि त्याच्यासोबत सुलतान खानही.

तिथे महाराष्ट्राचा एक धागा या कहाणीत येऊन मिळतो. १९३५ मध्ये त्याची वि. के. खाडिलकरांशी दहा डावांची लढत झाली. खाडिलकर म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातलं बुद्धिबळातलं मोठं नाव. सुलतान खानने नऊ डाव जिंकले आणि एक बरोबरीत सोडला. हेस्टिंग्जला ताकदीतल्या ज्या अंतराबद्दल सगळे बोलत होते, ते इथे खरोखरच दिसलं, पण आता सुलतान खान पलीकडच्या टोकाला होता. देशात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं आणि ज्यांच्याशी खेळावं ते हजारो मैल लांब होते. त्यानंतर तो मोठ्या स्पर्धांत दिसला नाही. फाळणीनंतर त्याचं गाव पाकिस्तानात गेलं. तो शेतीत रमला, म्हणजे निदान राहिला. मुलांना त्याने बुद्धिबळ शिकवलं नाही. यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करा, असं तो त्यांना सांगे, अशी घरच्यांची आठवण आहे. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोध्याला क्षयाने त्याचं निधन झालं.

जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये ग्रँडमास्टर हा किताब सुरू केला, तेव्हा जुन्या पिढीतल्या अनेकांना तो पूर्वकर्तृत्वावर दिला. रुबिन्स्टाइनला मिळाला, तार्ताकोवरला मिळाला. दोघांनाही पटावर हरवलेला माणूस सोळा वर्षं जिवंत होता, त्याला मिळाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महासंघाने सुलतान खानला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

घरी पट असेल तर हा डाव शोधून मांडून बघा. पहिल्या चोवीस चाली भराभर खेळा, खरं बुद्धिबळ त्यानंतर आहे. आणि शक्यतो काळ्या बाजूला बसा. कापाब्लांकाला काय सोसावं लागलं, ते तिथूनच नीट दिसतं.